जाळी मशीनगनवर घाला, नावावर नको



आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. गणित आणि इंग्रजी हे विषय नेहमीचे. महिन्यातला एक रविवार मात्र हातकामाचा असतो. अशाच एका रविवारी आठवीतला एक मुलगा शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेले मॉडेल घेऊन आला. प्लायवूडच्या तुकड्यावर थर्मोकोलची टेकडी, टेकडीवर दगड रचून केलेला आडोसा, आडोशात फ्रूटीच्या नळीपासून बनवलेली मशीनगन आणि तिच्यामागे शाडूचे दोन जवान. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातले मशीनगनचे ठाणे त्याने उभे केले होते. या सगळ्यावर त्याने हिरवी प्लॅस्टिकची जाळी ताणून बसवली होती. मोसंब्यांच्या पिशवीची.

त्याचे आजोबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. वस्तीत सगळे त्यांना हवालदारबाबा म्हणतात. त्यांनी चष्मा सावरून मॉडेल पाहिले आणि हसून म्हणाले, "अरं पोरा, ह्या जाळीत मासं घावतील, पण मशीनगन लपायची न्हाई. लांबून पयली तुजी जाळीच दिसंल."

मुलाचा चेहरा उतरला. पण बाबांनी त्याला पाठीवर हात ठेवून जवळ बसवले आणि सैन्यातली खरी जाळी कशी असते ते सांगायला सुरुवात केली. बघता बघता सगळी मुले भोवती जमली. त्या दिवशी आम्ही जे शिकलो आणि पुढच्या दोन रविवारी जे हाताने करून पाहिले, ते आज सांगणार आहे. मॉडेलच्या पुढे लावायच्या पाटीवरून आमच्यात जे बोलणे झाले, तेही सांगणार आहे. कारण खरा प्रश्न तिथेच होता.

आधी जाळीचे पाहू. सैन्यातली जाळी वस्तू झाकण्यासाठी असते, असा आपला समज असतो. नुसते झाकायचे तर ताडपत्री पुरेशी आहे. पण ताडपत्री टाकलेली मशीनगन लांबून ताडपत्री टाकलेल्या मशीनगनसारखीच दिसते. माणसाचा डोळा वस्तू ओळखतो ती तिच्या कडांवरून, सावलीवरून, चकाकीवरून. सरळ रेघ आणि नेमका गोल हे रानात सहसा नसतात. ते दिसले की शत्रू ओळखतो, इथे माणसाने काहीतरी ठेवले आहे. जाळीचे काम या कडा मोडण्याचे. तिच्यात गुंफलेल्या पट्ट्यांमुळे उजेड आणि सावली यांचे बारीक बारीक तुकडे होतात आणि खालच्या वस्तूचा आकार भोवतालच्या झुडपांत मिसळून जातो. बाबांनी बोटांवर मोजून सांगितले : आकार, सावली, चकाकी, रंग आणि हालचाल. पहिल्या चार गोष्टींवर जाळीचा इलाज चालतो. पाचवीवर चालत नाही. जाळीखाली माणूस हलला की सगळे उघडे पडते.

ही विद्या नीट आकाराला आली ती पहिल्या महायुद्धात. विमानातून फोटो काढता येऊ लागले तेव्हा जमिनीवरून न दिसणारी तोफ वरून दिसू लागली. १९१५ साली फ्रेंच सैन्याने कॅमोफ्लाजसाठी स्वतंत्र विभाग उभारला. त्याचा प्रमुख गिरां द सेव्होला हा पेशाने चित्रकार होता. उजेड, सावली आणि रंग यांचा ज्यांना अभ्यास, अशा कलावंतांना सैन्याने मुद्दाम बोलावून घेतले. चित्रकला हा पोट न भरणारा विषय समजून मुलांना त्यापासून तोडणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या वर्गातल्या मुली सुरुवातीला लांब बसल्या होत्या; लष्कराचे काम म्हणजे मुलांचे काम, असे त्यांना वाटले. पण या जाळ्यांचे मोठे काम जगभर बायकांच्या हातांनी झाले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गावोगावच्या सभागृहांत उंच चौकटीवर जाळी टांगून बायका तिच्यात गोणपाटाच्या पट्ट्या ओवत असत. गोणपाट तागाचे, आणि जगातला ताग तेव्हा मुख्यतः बंगालात पिकत असे. म्हणजे त्या जाळ्यांत आपल्याकडच्या शेतकऱ्याचा आणि गिरणी कामगाराचाही घाम होता. रशियाने २०२२ साली मोठा हल्ला केल्यानंतर युक्रेनमध्ये शाळांत, वाचनालयांत स्त्री-पुरुष एकत्र बसून जुन्या कपड्यांच्या पट्ट्यांनी अशाच जाळ्या विणू लागले. आता उष्णता टिपणारे कॅमेरे आल्यामुळे सैन्याला वेगळ्या कृत्रिम धाग्यांच्या जाळ्याही लागतात. पण कडा मोडण्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

आता मॉडेलकडे वळू. परदेशी कंपन्यांचे प्लॅस्टिकचे तयार संच शेकडो, हजारो रुपयांचे असतात. ते आपल्या आवाक्यातले नाहीत, आणि त्याची गरजही नाही. या कामाला लागते ते एवढेच : मेडिकलच्या दुकानातले साधे विरळ विणीचे बँडेज, फेविकॉलची लहान बाटली, पतंगाचा कागद, पोस्टर कलर, चहाचा चोथा, उदबत्तीच्या काड्या, खडूची पूड आणि चाळलेली माती. यातल्या निम्म्या वस्तू घरातच सापडतात.

सर्वांत आधी प्रमाण ठरवा. प्रमाण म्हणजे खरी वस्तू आपण किती पट लहान करणार ते. फूटपट्टीने मोजायला १:२४ हे प्रमाण सोपे. यात खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे मॉडेलमधला अर्धा इंच. साडेपाच फुटांचा जवान पावणेतीन इंचांचा होतो. व्हिकर्स मशीनगन साडेतीन फुटांहून थोडी लांब. ती पावणेदोन इंचांहून किंचित मोठी होते. चौदा फूट चौरस जाळी दाखवायची तर सात इंच चौरस तुकडा कापायचा. एकदा प्रमाण ठरले की प्रत्येक वस्तू त्याच हिशेबाने. जवान एका प्रमाणाचा आणि बंदूक दुसऱ्या प्रमाणाची झाली, तर कितीही रंग लावा, मॉडेल खेळणेच दिसते.

मोसंब्यांच्या जाळीत चूक झाली ती इथेच. तिचे एक घर अर्ध्या इंचाचे होते. चोवीस पट केले तर बारा इंच, म्हणजे एक फूट. फूटभर घरांच्या जाळीतून मशीनगन काय, गनरचे डोकेही दिसेल. खऱ्या जाळीचे घर दोन-तीन इंचांच्या आसपास असते. बँडेज घेताना एका इंचात किती घरे येतात ते मोजा. बारा आली तर एक घर इंचाचा बारावा भाग. गुणिले चोवीस, बरोबर दोन इंच. सोळा आली तर दीड इंच; तेही चालेल. त्याहून दाट विणीचे घेऊ नका. हे गणित मी फळ्यावर मांडले तेव्हा, अपूर्णांकांना कायम घाबरणारी एक मुलगी सर्वांत आधी उत्तर देऊन मोकळी झाली. हातात वस्तू आली की गणिताची भीती जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बँडेज आधी कोमट पाण्यात धुऊन घ्या, म्हणजे त्यातली खळ निघून जाते. खळ राहिली तर जाळी पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते. खरी जाळी मात्र स्वतःच्या वजनाने झोळ खाते. नंतर चहाचा चोथा पाण्यात उकळून, गाळून त्या पाण्यात बँडेज अर्धा तास बुडवा. पांढरा रंग जाऊन मातकट खाकी येतो. खाकी या शब्दाचा अर्थच मुळी धुळीच्या रंगाचा. त्यावर हिरव्या पोस्टर कलरमध्ये थोडा तपकिरी आणि अगदी थोडा पांढरा मिसळून, भरपूर पाणी घालून, तुकड्या-तुकड्याने लावा. सगळीकडे सारखा नको. रंगाने घरे बुजली तर जुन्या वर्तमानपत्रात दाबून टिपून घ्या आणि हलकी फुंकर मारा.

पांढरा कशासाठी, असे मुलांनी विचारले. लांबचा डोंगर जवळच्या झाडापेक्षा फिका दिसतो, त्यासाठी. मॉडेल म्हणजे लांबून पाहिलेली वस्तू. खऱ्या वस्तूचा रंग जसाच्या तसा लावला तर तो भडक वाटतो. दुसरे म्हणजे रंग जागेप्रमाणे घ्यावा. सैन्य म्हटले की मुले पोपटी हिरवा उचलतात. नौशेरा, झांगर या भागातल्या टेकड्यांवर हिवाळ्यात दगड, वाळलेले गवत आणि चीडची झाडे. तिथे तपकिरी, राखाडी आणि मळका हिरवा हेच रंग खरे.

आता पट्ट्या. खऱ्या जाळीत गोणपाटाच्या सुमारे दोन इंच रुंद पट्ट्या आतबाहेर ओवलेल्या असत. आपल्या प्रमाणात ती रुंदी दोन मिलिमीटर. गोणपाटाचे सूत इतक्या लहान कामाला जाड पडते, म्हणून पतंगाचा कागद घ्यावा. हिरवा आणि तपकिरी कागद हाताने चुरगाळून मऊ करा, दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कापा आणि बोथट सुईने एका घरातून वर, दुसऱ्यातून खाली अशा ओवा. रांगेत ओवू नका. वाकड्यातिकड्या, कुठे दोन जवळ, कुठे जागा मोकळी. याहून लहान, म्हणजे १:७२ सारख्या प्रमाणात, पट्ट्या ओवणे अशक्यच. तिथे बँडेजवर पातळ फेविकॉल लावून, वाळवून चुरलेला चहाचा चोथा भुरभुरावा.

बाबांनी इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पट्ट्या मधोमध दाट आणि कडेला विरळ हव्यात. सगळीकडे सारख्या दाट ओवल्या तर जाळी जिथे संपते तिथे ठळक रेघ दिसते, आणि वरून पाहणाऱ्याला एक चौकोनी ठिगळ सापडते. कड विरळ होत होत जमिनीत विरून गेली पाहिजे. मुलांनी पहिल्यांदा केलेल्या जाळीत नेमके हेच चुकले होते. पट्ट्या उसवून त्यांनी पुन्हा ओवल्या. तक्रार कुणी केली नाही.

जाळी बसवताना ती गनच्या अंगावर पांघरुणासारखी टाकू नका. उदबत्तीच्या काड्यांचे सव्वातीन ते साडेतीन इंचांचे तुकडे करा; ते खांब. खालचा अर्धा इंच टेकडीत रोवला की जाळी गनच्या वर पुरेशी उंच राहते आणि आतल्या माणसाला काम करता येते. एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी यात जाळी बुडवून, निथळून, खांबांवर अलगद सोडा. खांबाचे टोक तंबूसारखे टोकदार वर आले तर त्यावर कागदाचा लहान बोळा ठेवा. कडा हळूहळू उतरत्या करून काडीच्या बारीक खुंट्यांनी जमिनीला टाचा. गनला जाळी चिकटू नये म्हणून वाळेपर्यंत मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा. समोरची बाजू गोळीबारासाठी मोकळी सोडायला विसरू नका. जाळीतूनच गोळ्या झाडणारी मशीनगन मी एका बक्षीसपात्र मॉडेलमध्ये पाहिली आहे. रात्रभर वाळू द्या.

वाळलेला फेविकॉल चकाकतो, आणि चकाकी हा तर आपला शत्रू. म्हणून खडूची पूड आणि चाळलेली माती एकत्र करून कोरड्या ब्रशने जाळीवर आणि गनवर हलकेच फिरवा. शेवटचे काम पायवाटेचे. ठाण्याकडे जवान रोज ये-जा करतात, त्याने गवत तुडवले जाते, आणि ती वाट जाळीपाशी येऊन संपली तर वरून फोटो काढणाऱ्याला जाळी शोधण्याचीही गरज उरत नाही. म्हणून सैन्यात वाट ठाण्यापाशी न थांबवता पुढे नेत. मॉडेलमध्येही वाट जाळीच्या बाजूने पुढे, पार फळीच्या कडेपर्यंत न्या. ही एवढीशी वाट पाहून जाणकार ओळखतो की हे काम करणाऱ्याने विचार केला आहे.

व्हिकर्स मशीनगनचीही एक गंमत सांगतो. ती पाण्याने थंड ठेवावी लागे. नळीभोवतीच्या जाड आवरणात सुमारे चार लिटर पाणी. सतत गोळीबार झाला की ते पाणी उकळून वाफ निघायची, आणि थंड हवेत वाफेचा ढग लांबूनही दिसतो. म्हणून एका रबरी नळीने ती वाफ पाण्याच्या डब्यात सोडत. त्यामुळे पाणीही परत मिळे आणि जागाही उघडी पडत नसे. मुलाच्या मॉडेलमध्ये डबा नव्हता. वायरचा तुकडा आणि औषधाच्या बाटलीचे लहान झाकण लावून त्याने तो बसवला.

हीच गन का, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. त्या पिढीत सैन्याची नोकरी म्हणजे भाकरी, शाळा आणि ताठ मान. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि व्हिकर्स गन तिच्या हाती आली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात या रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनावणे यांना महावीर चक्र मिळाले. श्रीलंकेत १९८७ साली धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हे आठव्या महार बटालियनचे; त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. ते तमिळ होते. रेजिमेंटचे नाव महार असले तरी तिच्यात देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांचे आणि समाजांचे जवान एकत्र लढत आले आहेत.

विहारात मशीनगनचे मॉडेल कशाला, असे आमच्या एका आजींनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्ही नियम केला आहे की मॉडेलमध्ये प्रेत, रक्त किंवा मरणारा शत्रू दाखवायचा नाही. युद्धाची हौस मुलांत वाढू नये. आपल्या माणसांनी कसल्या थंडीत, किती वजन वाहून, कोणते काम केले, ते मात्र त्यांना कळावे. हवालदारबाबा इतकेच म्हणाले, "जाळी कुनाला मारत न्हाई. आतल्याला वाचिवती."

आता पाटीचे. मुलाने मॉडेलपुढे लावायला पाटी करून आणली होती. तिच्यावर "भारतीय सेनेचे मशीनगन ठाणे" एवढेच. मी विचारले, रेजिमेंटचे नाव का नाही? तो खाली बघू लागला. त्याची आई न्यायला आली होती. ती म्हणाली, "भाऊ, मीच नको म्हटलं त्याला. मागच्या वर्षी वर्गात शिष्यवृत्तीची यादी मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून शेजारची दोन पोरं याच्याबरोबर डबा खात नाहीत. आता पाटीवर महार लिहिलं की उरलेलेही जातील. भारतीय सेना लिहिलं तर खोटं काय आहे त्यात?"

खोटे काहीच नव्हते. भाषण द्यायला माझी जीभ वळवळली, पण द्यायचा अधिकार मला आहे का, हा विचार आला. वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या गावी मी भाड्याची खोली घेतली तेव्हा मालकाने आडनाव विचारले. मी गावाच्या नावावरून एक आडनाव जुळवून सांगितले. खोली मिळाली. पुढचे अकरा महिने बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत राहिला. १४ एप्रिलला मी दार लावून, आवाज न करता मेणबत्ती लावली. वस्तीतले कुणी भेटायला येतो म्हणाले की छातीत धस्स व्हायचे. एका खोलीसाठी मी अकरा महिने जाळीखाली बसलो होतो, न हलता. हे मी आजवर सभेत कधी सांगितलेले नाही. त्या दिवशी ताईंना सांगितले, आज तुम्हाला सांगतो आहे.

म्हणून ताईंची भीती मी भित्रेपणा म्हणणार नाही. आपल्यातल्या अनेकांनी पोरांसाठी, नोकरीसाठी, छपरासाठी अशी जाळी पांघरली आहे. पण दोन जाळ्यांतला फरक आपण ओळखला पाहिजे. गनवरची जाळी समोर शत्रू असतो म्हणून घालतात, आणि काम झाले की गुंडाळून ठेवतात. नावावरची जाळी आपल्याच देशात, आपल्याच शाळेत घालावी लागते, आणि ती एकदा घातली की काढायचा दिवस येत नाही. शिवाय मूल ते बघून शिकते की आपल्यात लपवण्यासारखे काही आहे. लाज वाटायला हवी ती डबा उचलून दुसरीकडे बसणाऱ्याला आणि त्याला ते शिकवणाऱ्या घराला. आपल्या पोराने ती का वाहावी?

बाबा तोवर गप्प होते. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेला टोपीचा बिल्ला काढला आणि नातवाच्या हातात ठेवला. एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स गन, मध्ये कट्यार, खाली नाव. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, तेही त्यांनी सांगितले. मग सुनेकडे न बघता, नातवालाच म्हणाले, "गन आमी झाकत हुतो. टोपीवरचं नाव कदी झाकलं न्हाई. बाकी तुजं तू बग."

ताई काही बोलल्या नाहीत. निर्णय त्या घराचा होता. मीही जास्त बोललो नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी अर्धी रजा टाकून मी शाळेत गेलो. मॉडेलपुढे नवी पाटी होती : "महार मशीनगन रेजिमेंट, जम्मू-काश्मीर, १९४७-४८. व्हिकर्स मशीनगन. प्रमाण १:२४. जाळी : बँडेज, पतंगाचा कागद, चहा." अक्षर मुलाचे नव्हते. ताई जवळच उभ्या होत्या, म्हणाल्या, "त्याचं अक्षर किरटं आहे, म्हणून मी लिहिलं."

बक्षीस मिळाले नाही. ते सौरऊर्जेच्या पंपाला गेले, आणि पंप चांगला होता. पण जाळीभोवती मुलांची गर्दी होती. एका शिक्षिकेने पायवाट पुढे का नेली आहे ते विचारले आणि मुलाने न अडखळता सांगितले. डब्यावरून दूर गेलेल्या दोघांपैकी एकजण बराच वेळ तिथे रेंगाळत होता. शेवटी त्याने विचारले, "बँडेजला रंग कसा लावलास?" दुसरा आला नाही. जे झाले ते एवढेच, मी वाढवून सांगत नाही.

वाचकहो, दिवाळीच्या नाहीतर मेच्या सुट्टीत मुलांना घेऊन अशी एक जाळी करून बघा. मुलींनाही बसवा. घरात, शेजारात कुणी सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा असतील तर त्यांना मधे बसवा आणि त्यांच्या तोंडून ऐका. ती माणसे आता थकत चालली आहेत. प्रमाण मोजून घ्या, कडा विरळ ठेवा, चकाकी मारा. आणि पुढे जी पाटी लावाल, तिच्यावरचे नाव पूर्ण लिहा.

जयभीम!